आजवा किती फुटांवर?

पावसाळ्यात पुण्याचे पाहुणे बडोद्यास आले, की त्यांच्या बोलण्यात हटकून 'टीएमसी' हा शब्द येतो. खडकवासल्यात किती, पानशेतात किती, चारही धरणे मिळून किती, हे सारे त्यांच्या जिभेवर असते. मुंबईचे पाहुणे आले, की सात तलावांचे शेकडा प्रमाण सांगतात. आम्ही बडोदेकर मात्र फुटांत बोलतो. श्रावणात दोन बडोदेकर रस्त्यात भेटले, तर प्रकृतीची विचारपूस मागाहून, आधी "आजवा किती?" "दोनशे अकरा." "आणि विश्वामित्री?" "सतरा." एवढ्यावर दोघांनाही काय ते समजते आणि दोघे आपापल्या वाटेने जातात.

हा प्रश्न आमच्या तोंडी इतका बसला, याला कारणही तसेच आहे. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस या शहरावर कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने धोक्याची २६ फुटांची खूण मागे टाकली आणि ती पस्तीस फुटांच्याही वर गेली. ज्या घरांच्या उंबऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाणी लागले नव्हते, तेथेही ते शिरले. असे दोन प्रसंग पाहिलेल्या शहराने धरणाचा आकडा विचारू नये, तर कोणी विचारावा? पण या विचारण्यात एक मोठी उणीव आहे आणि तिच्याविषयी आज चार शब्द लिहावेसे वाटतात. आपण आजव्याचा आकडा विचारतो तो भीतीपोटी. पाऊस ओसरला, नवरात्रातला गरबा सुरू झाला, की तो आकडा आपल्या मनातून जातो, तो थेट पुढच्या आषाढात परत येतो. मधल्या आठ-नऊ महिन्यांत त्याच आजव्याचे पाणी आपण रोज पितो, त्याने अंगण धुतो, गाडी धुतो, पण "आजवा किती?" असे वैशाखात विचारणारा बडोदेकर मला तरी क्वचितच भेटला आहे.

प्रथम या फुटांविषयीच थोडे सांगावयास हवे, कारण पुष्कळ सुशिक्षित घरांतही त्यांविषयी गैरसमज आहे. आजवा २११ फुटांवर आहे, म्हणजे तेथे २११ फूट खोल पाणी आहे असे नव्हे. तो आकडा समुद्रसपाटीपासून मोजलेला असतो. विश्वामित्रीचे १७ किंवा २६ फूट मात्र काळा घोडा पुलाजवळच्या पट्टीवर मोजलेले असतात. म्हणजे वर्तमानपत्रात शेजारी शेजारी छापलेल्या या दोन आकड्यांचा षड्जच वेगवेगळा आहे. त्यांची एकमेकांशी तुलना करणे म्हणजे काळी एक आणि काळी चार यांत लावलेले दोन तंबोरे एकत्र छेडण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट अशी, की सरोवराचा आकार पसरट भांड्यासारखा असतो. वरच्या एका फुटात जेवढे पाणी मावते, तेवढे तळाजवळच्या एका फुटात मावत नाही. म्हणून पाणी दोन फूट उतरले, याचा अर्थ पूर्ण भरलेल्या सरोवरात एक आणि उन्हाळ्याच्या अखेरीस अगदी निराळा. नुसत्या फुटांवरून "अजून पुष्कळ आहे" असे म्हणणे फसवे आहे.

या समुद्रसपाटीच्या हिशेबातच आजव्याची थोरवीही आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून साधारण सव्वाशे फुटांवर वसले आहे आणि आजवा दोनशेच्या वर. शहराच्या पूर्वेस विसेक किलोमीटरवर, मधे ऐंशी-पंच्याऐंशी फुटांचा उतार ठेवून सरोवर बांधावे आणि पाणी आपल्याच वजनाने शहरात यावे, ही त्या योजनेतली खुबी. १८८५ साली, श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, हे काम सुरू झाले आणि १८९० नंतर लवकरच शहराला नळाचे पाणी मिळू लागले. त्याआधी बडोदे विहिरी, वावी आणि तलाव यांवर जगत होते. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव त्या काळाची साक्ष देत अजून उभी आहे. शहराची वस्ती तेव्हा लाखाच्या जरा वर होती. योजना आखली गेली ती तीन लाखांसाठी. पुढच्या दोन पिढ्यांची तहान आधी मोजून मग बांध घालणारा राज्यकर्ता आपल्याला लाभला, याचा अभिमान आपल्या घराघरांत आहे आणि तो असावाही.

माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने मला याच काळातली आणखी एक गोष्ट आठवते. आजव्याचे काम सुरू झाले १८८५ साली. १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली बडोद्यात सरकारी गायनशाळा निघाली. जी विद्या घराण्याघराण्यांत, उस्तादाच्या मर्जीवर अवलंबून होती, ती स्वरलिपीत उतरवून सर्वसामान्यांच्या मुलांपुढे ठेवण्याचा तो उद्योग होता. पाणी आणि गाणे या दोन्ही गोष्टी मोजून, लिहून, खुल्या करून लोकांच्या दारी आणाव्यात, अशीच त्या दरबाराची दृष्टी दिसते. संस्थानात खातेवार वार्षिक अहवाल छापून निघत. खुद्द आम्हा कलावंतांचेही स्वतंत्र खाते होते आणि त्याला लेखी नियम होते. माझे वडील वयाच्या पंधराव्या वर्षी, १९४५ साली, आपल्या वडिलांच्या हाताखाली त्या खात्यात जलतरंगाच्या साथीला बसू लागले. चारच वर्षांत संस्थान विलीन झाले आणि दरबारचे दिवस सरले. पण हजेरीची, हिशेबाची ती शिस्त त्यांच्या अंगातून अखेरपर्यंत गेली नाही. मी त्यांना उतारवयात झालेला मुलगा. माझ्या वाट्याला दरबार आला नाही. ती शिस्त मात्र पुरेपूर आली.

आता आजची स्थिती पाहू. २०११ च्या खानेसुमारीत बडोदे महानगरपालिकेच्या हद्दीत १६ लाख ७० हजारांहून अधिक माणसे मोजली गेली आणि त्यानंतर शहर वाढतच गेले आहे. तीन लाखांसाठी आखलेला आजवा एकट्याने एवढ्यांना कोठून पुरणार? म्हणून महीचे पाणी आणावे लागले. फाजलपूर, रायका, दोडका, पोईचा येथे महीच्या पात्रात ज्यांना आपण 'फ्रेंच कुवे' म्हणतो त्या विहिरी आहेत. रुंद विहीर वाळूत खोल उतरवायची, तिच्या तळाशी चाकाच्या आऱ्यांसारख्या आडव्या, छिद्रे पाडलेल्या नळ्या चहूकडे वाळूत घुसवायच्या. वाळूतून गाळून पाणी त्यांत येते आणि पंपाने वर उचलले जाते. या उचलण्यातच आजव्याचा आणि महीचा फरक आहे. आजव्याचे पाणी उताराने येते. महीचे पाणी वीज खाऊन येते. आपल्या गच्चीवरची टाकी भरून वाहते, तेव्हा नुसते पाणी वाहत नाही. नदीतून ते उचलायला लागलेली वीज, ते शुद्ध करायला झालेला खर्च आणि शेवटी आपल्याच पंपाने ते गच्चीवर चढवायला मोजलेले पैसे, हे सारे त्या पन्हळीतून गटारात जाते.

पाणी वाचविण्याविषयी कोणी काही करीतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२४ च्या पुरानंतर, २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी विश्वामित्रीच्या पात्रातला आणि आजव्यातला गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. गाळ निघाला, की तेवढीच जागा पाण्याला मिळते. हे काम पुराच्या आणि टंचाईच्या अशा दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे. 'पाणी वाचवा' अशी अक्षरे भिंतींवर रंगविलेलीही दिसतात. अमुक टाकीवरून उद्या पाणी मिळणार नाही, अशी सूचना वर्तमानपत्रांत आणि आता मोबाइलवरही येते. पाणीगेट, नालंदा, लालबाग या टाक्यांची नावे तर आपल्याला स्टेशनांच्या नावांसारखी पाठ झाली आहेत.

पण या साऱ्यात नागरिकाला कळते काय? पाणी येणार नाही, एवढेच. ते येते तेव्हा किती येते, त्यांतले वाटेत किती झिरपते, माझ्या भागात दरडोई किती पडते, शेजारच्या भागात किती, गेल्या महिन्यापेक्षा यंदा कमी लागले की जास्त, यांतले काहीही त्याच्या कानावर सहजासहजी पडत नाही. बहुतेक घरांत पाण्याला मीटर नाही, पट्टी वर्षाची ठरावीक. तेव्हा घरातही आकडा नाही. अशा माणसाला 'पाणी वाचवा' म्हणून सांगणे मला माझ्या वर्गातल्या एका जुन्या खोडीची आठवण करून देते. काही शिकविणारे विद्यार्थ्याला सारखे बजावीत असतात, "सुरात गा! सुरात गा!" पोर बिचारे घाबरते, आवाज चढविते आणि आणखीच बेसूर होते. नुसते बजावून आजवर कोणी सुरात आलेला नाही. त्याच्या कानाशी तंबोरा धरावा लागतो. आपण कोठे आहोत आणि षड्ज कोठे आहे, हे एकदा त्याला ऐकू आले, की निम्मे काम तो आपले आपणच करतो. भिंतीवरचे 'पाणी वाचवा' हे 'सुरात गा' आहे. तंबोरा म्हणजे आकडा; आणि तोच आपल्यापाशी नाही.

वडिलांच्या जलतरंगावर हे मी लहानपणीच पाहिले होते. चिनी मातीचे सोळा प्याले, डाव्या हाताला मोठे, उजवीकडे लहान होत गेलेले. पाणी वाढविले, की सूर उतरतो. काढले, की चढतो. उन्हाळ्यात बैठक लांबली, तर पाणी उडून सूर हळूच वर सरकतात. मग दोन गतींच्या मधे चमचाभर, कधी चार थेंब पाणी घालून ते जागेवर आणावे लागतात. पण वडिलांचा नियम असा, की काठी मारून ऐकल्याशिवाय चमच्याला हात लावायचा नाही. आधी ऐकणे, मग थेंब. ऐकल्याविना पाणी घालणारा किंवा काढणारा सगळा मेळ बिघडवितो. बैठक संपली, की सोळाही प्याल्यांतले पाणी एका तपेलीत गोळा होई आणि तुळशीला जाई. हे काही काटकसरीचे प्रदर्शन नव्हते. ज्या पाण्याचा थेंब थेंब मोजला, ते मोरीत ओतून देणे त्यांच्या हाताला जमत नसे, एवढेच. मोजलेली वस्तू माणूस सहसा फेकीत नाही. पाणी आपल्या हातून फेकले जाते, कारण ते आपण कधी मोजलेलेच नाही.

इतर शहरांनी मोजून, सांगून पाहिले आहे. चेन्नईचे पाणीखाते आपल्या तलावांची पातळी रोजच्या रोज जाहीर करते. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन शहरावर २०१५ पासून लागोपाठ तीन वर्षे अवर्षण आले. १ फेब्रुवारी २०१८ पासून तेथे माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घालण्यात आली. मर्यादा घालून ते थांबले नाहीत. धरणांत किती उरले आणि शहराने किती वापरले, याचा आकडा दर आठवड्यास प्रसिद्ध होऊ लागला. मर्यादेत राहिलेल्या घरांवर नकाशात हिरवा ठिपका दिसू लागला. दिवसाला सुमारे १२० कोटी लिटर पाणी वापरणारे ते शहर तीन वर्षांत निम्म्याहून खाली आले आणि नळ बंद पडण्याचा जो दिवस अधिकाऱ्यांनी वर्तविला होता, तो पाऊस येईपर्यंत टळला. दंड, वाढीव दर, दाब कमी करणे, हे उपायही तेथे झाले. सारे श्रेय आकड्यांना देता येणार नाही. पण आकडा समोर नसता, तर बाकीचे उपाय लोकांनी जुलूम मानले असते.

हे वाचून काही जण म्हणतील, शेजाऱ्याच्या दारावर हिरवा ठिपका आणि आपल्या दारावर नाही, असा बोभाटा आपल्या पोळांत, वाड्यांत चालेल काय? भांडणे होतील. हा आक्षेप मला खरा वाटतो. म्हणून घरांचे आकडे जाहीर करावेत असे मी म्हणत नाही. टाकीवार, भागवार आकडे द्यावेत, एवढेच पुरे. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. ज्या वस्तीत एका नळावर दहा घरे अर्धा-पाऊण तास रांग लावतात, जेथे वैशाखात टँकरची वाट पाहिली जाते, त्यांनी आणखी काय वाचवावे? अगदी बरोबर. त्यांच्यापुढे काटकसरीचे कीर्तन करणे निर्लज्जपणाचे होईल. आणि म्हणूनच भागवार आकडा हवा. तो आला, म्हणजे काटकसर कोणी करावयाची आणि पाणी कोणाला अधिक मिळावयाचे, हे आपोआप उघडे होईल. शहरांत नळाचे पाणी आणि भुयारी गटारे अशी दोन्ही व्यवस्था असेल तेथे माणशी दिवसाला १३५ लिटर असावे, असे आपल्याकडचे सरकारी प्रमाण आहे. त्या १३५ च्या वर कोण आहे आणि खाली कोण, हे लपवून ठेवण्यात कोणाचे हित आहे?

तिसरा आक्षेप अधिकारी घेतात. आकडे दिले, तर लोक घाबरतील, साठा करू लागतील. मला याचे नवल वाटते. श्रावणात दर तासाला आकडे सांगून आपण घाबरत नाही, उलट शहाण्यासारखे सामान माळ्यावर चढवितो. मग वैशाखात आठवड्यातून एकदा सांगितल्याने कसे घाबरणार? आकडा न सांगण्यातूनच अफवा जन्माला येते.

तेव्हा महानगरपालिकेपाशी माझे मागणे लहानसे आहे. दर सोमवारी, वर्षाचे बावन्न आठवडे, चार ओळी छापाव्यात. आजव्यात फूट किती आणि त्या फुटांचे दिवस किती होतात. मही आणि आजवा मिळून शहरात रोज किती पाणी आले. प्रत्येक टाकीच्या भागात माणशी किती पडले. आणि गळतीच्या किती तक्रारी आल्या, त्यांपैकी किती निवारल्या. गुजरातीत छापाव्यात, हे योग्यच. आपणां सर्वांना ती वाचता येते. हे आकडे अभियंत्यांच्या वहीत असणारच, कारण त्यांच्यावाचून टाक्या भरणे-सोडणे चालायचे नाही. वहीतले चार आकडे चौकात आणावयाचे, एवढेच काम आहे. उस्तादाच्या पोटातली चीज स्वरलिपीत उतरवून शाळेत आणण्यापेक्षा हे निश्चित सोपे आहे. आणि ते अवघड काम या शहराने १८८६ सालीच आरंभिले होते.

परंतु मागणे केवळ महानगरपालिकेकडेच करून आपण मोकळे होऊ शकत नाही. या पानाचे वाचक बहुधा दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतली जुनी घरे आहेत. आपल्या घरी टाकी आहे, पंप आहे, गच्ची आहे आणि बहुतेकांच्या वाड्यात विहीर आहे, निदान होती. महाराजांनी आजवा बांधला, हे आपण पाहुण्यांना सांगतो. पण आपण काय करतो, असे पाहुण्याने विचारले, तर?

मीटर नसला, तरी घरातला आकडा काढता येतो. गच्चीवरची टाकी हजार लिटरची असेल आणि ती दिवसातून दोनदा भरत असेल, घरात माणसे आठ असतील, तर माणशी २५० लिटर झाले. १३५ च्या दुपटीस थोडेच कमी. एका शिष्येच्या घरी ठिबकणाऱ्या नळाखाली मी लिटरचे भांडे ठेवून पाहिले. दीड तासात भरले. म्हणजे दिवसाला १६ लिटर, वर्षाला ५,८४० लिटर, आणि कारण काय, तर दोन-चार रुपयांची वायसर! पिण्याच्या पाण्याची जी यंत्रे आता घरोघरी आली आहेत, त्यांतली बरीचशी एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीनेक लिटर बाजूला टाकतात. ते पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला उत्तम चालते, पण बहुतेक ठिकाणी त्याची नळी सरळ मोरीत सोडलेली असते.

आता गच्चीचा हिशेब पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. बडोद्याला वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तो पडला, तर ९० हजार लिटर. त्यांतले पाचवा हिस्सा उडून, सांडून गेले असे धरले, तरी ७२ हजार उरतात. पाच माणसांच्या कुटुंबाला १३५ लिटरप्रमाणे रोज ६७५ लिटर लागतात. म्हणजे साडेतीन महिन्यांचे पाणी आपल्याच गच्चीवर पडते आणि पन्हळीवाटे रस्त्यावर जाऊन शेवटी त्याच विश्वामित्रीला फुगविते, जिच्या भीतीने आपण फूट विचारीत बसतो! भरूच-अहमदाबादेकडच्या जुन्या घरांत अंगणाखाली टांके असे आणि पावसाचे पाणी त्यात वर्षभर राही. आपल्याकडे टांके नसले, तरी विहिरी होत्या.

या विहिरींविषयी लिहितानाच माझा हात जड होतो. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडे आहेत आणि मधल्या चौकात एक विहीर आहे. वाडा पाडून तेथे मजले चढविण्याचा विचार पक्का होत आला आहे. नकाशा आला, त्यात मोटारी ठेवण्याच्या जागा आहेत, विहीर नाही. वाडा पाडल्यावर निघणाऱ्या राबिटाने ती बुजवावी, म्हणजे राबीट वाहून नेण्याचाही खर्च वाचेल, असा सोयीचा हिशेब मांडला गेला. आमच्या शेजारच्या काकू ऐंशीच्या घरात आहेत. त्या एवढेच म्हणाल्या, "अरे, २०२४ ला नळ बंद होते, तेव्हा भांडी कशाच्या पाण्याने घासलीत?" त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही, पण नकाशाही बदललेला नाही. शेवटचा निर्णय सातही बिऱ्हाडांच्या सह्यांनी व्हायचा आहे.

विहीर राखणे म्हणजे तिला देवासारखे कुंकू लावून झाकून ठेवणे नव्हे. गच्चीच्या पन्हळी एका नळीत आणाव्यात. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी, गच्चीवरची धूळ, विष्ठा घेऊन येणारे, बाहेर सोडण्यासाठी वेगळी तोटी असावी. मग खडी, वाळू, कोळसा यांच्या थरांतून गाळून बाकीचे विहिरीत सोडावे. अंगणातले, मोटारी धुतल्याचे, तेलकट पाणी मात्र तिच्यात कदापि जाऊ देऊ नये. आणि पुराचे पाणी शिरले असेल, तर उपसून, औषध टाकून, तपासून घेतल्याशिवाय ते तोंडी लावू नये. हा सारा खर्च सात घरांत वाटला जातो. एकदा राबिटाने भरलेली विहीर मात्र पुन्हा कोणी उकरीत नाही. तिच्याबरोबर त्या जागेखालचे पाणीही आपल्याला परके होते.

म्हणून जुन्या वाड्यांच्या मालकांना आणि बिऱ्हाडकरूंना माझी विनंती आहे. नकाशावर सही करण्यापूर्वी तो एकदा विहिरीजवळ उभे राहून वाचावा. तिची जागा त्यात नसेल, तर सही थांबवावी. चार मोटारींऐवजी तीन उभ्या राहिल्या, तर घराण्याची अब्रू जात नाही. आमच्या वाड्यात मी सही केलेली नाही आणि का केली नाही, ते सर्वांना समजेल अशा शब्दांत, वर दिलेल्या गच्चीच्या हिशेबासह लिहून दिले आहे. आणखी दोन बिऱ्हाडे माझ्या बाजूस आली आहेत. चार अजून विचारात आहेत.

महानगरपालिकेच्या चार ओळी छापून येतील तेव्हा येवोत. तोवर आपली गणेशोत्सव मंडळे आहेत, भजनी मंडळे आहेत, हळदीकुंकवाला जमणाऱ्या आयाबहिणी आहेत. प्रत्येकीच्या दारात एक काळा फळा टांगायला हरकत नसावी. माझ्या गायनवर्गाच्या दारात तो टांगला आहे. वर आजव्याचे फूट, खाली आमच्या वाड्यातल्या टाक्या दिवसातून किती वेळा भरल्या तो आकडा, आणि त्याखाली विहिरीची पातळी. दोरीला गाठी मारून मुले ती मोजतात. पहिल्या सोमवारी पालकांना वाटले, हा काही नवा ताल शिकवीत असावा. आता शिकवणीस येणारी मुले आत शिरण्यापूर्वी फळा वाचतात, आणि परवा एक नऊ वर्षांचे पोर विचारीत होते, "सर, गेल्या सोमवारपेक्षा टाकी एकदा जास्त का भरली?" त्या दिवशी दोन बिऱ्हाडांत चौकशी झाली आणि एका संडासाची टाकी सतत वाहत असल्याचे आढळले. संध्याकाळपर्यंत ती दुरुस्त झाली.